खात्रीचा आवाज

नवरा मसाजच्या टेबलावर पालथा पडला होता आणि तोंडासाठी ठेवलेल्या भोकातून जमिनीशी बोलत होता.

"आवाज वरून येतोय!"

"मग कुठून यायला हवा?" बायकोने विचारलं. तिच्या कडेवर बाळ होतं, खांद्यावर स्पीकरची वायर होती, आणि त्या वायरीचं टोक बाळाच्या तोंडात जाऊ नये म्हणून तिचा एक डोळा कायम तिकडे होता.

"अगं, इथे पडलेल्या माणसाचे कान कुठे असतात ते बघ की. तोंड खाली, कान खाली आणि बासरी छताला! सगळी बासरी माझ्या टाळूवर सांडतेय. कानात एक थेंब पोचत नाही."

तो उठून बसला तेव्हा चेहऱ्याभोवती भोकाचा लाल गोल उमटला होता आणि त्या गोलात जग जिंकल्याचा आनंद मावत नव्हता. स्पीकर टेबलाखाली लावायचा! इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही, याचं त्याला पुढचा सगळा दिवस नवल वाटत राहिलं, आणि भेटेल त्याला त्याने ते वाटून टाकलं.

खोली मुळात अडगळीची. रस्त्याच्या बाजूला तिला स्वतंत्र दार होतं, एवढाच तिचा मान. मोडक्या खुर्च्या, जुन्या ट्रंका आणि कुणाचा तरी एकच बूट बाहेर गेल्यावर तिथे फिकट रंग आला, जाड पडदा आला, तेलाच्या बाटल्यांची फळी आली, गरम पाण्यात तेलाची वाटी ठेवायला पातेलं आलं, आणि मधोमध टेबल, त्याच्या शेजारी स्टूल आलं. बाळ होण्याआधी ती एका मोठ्या सेंटरमध्ये काम करायची. रीतसर शिकलेली. पाठीवर नुसता तळवा ठेवला की गाठ कुठे बसलीय ते तिला समजायचं, आणि समोरच्यालाही समजायचं की हिला समजलंय.

पण बाळ झालं आणि तिचं नावच घरातून नाहीसं झालं. नवरा 'अगं' म्हणायचा. सासूबाई 'बाळाची आई' म्हणू लागल्या, आणि ती लागण बघता बघता घराबाहेर पसरली. शेजारच्या काकू, दूधवाला, समोरचा इस्त्रीवाला, सगळ्यांची ती बाळाची आई. लस टोचायला गेलं की नर्स ओरडायची, "बाळाची आई कोण?" आणि भरल्या दवाखान्यात दहाबारा हात वर व्हायचे, त्यातला एक तिचा. आता खोलीच्या दारासाठी पाटी तयार झाली होती. खाली 'मसाज थेरपी' रंगवून झालं होतं, वरची जागा कोरी होती. तिथे तिचं नाव येणार होतं. चांगलं ठळक, रस्त्यापलीकडून वाचता येईल असं. पण त्यासाठी आधी हाडांच्या डॉक्टरबाई पास व्हायला हव्या होत्या. म्हणजे डॉक्टरबाईंनी तिला पास करायला हवं होतं.

डॉक्टरबाईंचा दवाखाना चौकातच होता. मान, पाठ, कंबर, गुडघे असे आखडलेले लोक तिथे रांगेने बसलेले असत. त्यांतले निम्मे जरी इकडे वळले तरी खोलीचं सोनं झालं असतं. म्हणून ती धीर करून बोलायला गेली होती. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मान वळत नसल्यामुळे त्या सबंध खुर्चीसकट वळल्या.

"मी स्वतः आडवी झाल्याशिवाय पेशंट पाठवत नाही," त्या म्हणाल्या.

"या ना मॅडम. कधीही या."

"हाताचं मी बघून घेईन. पण संगीत काय लावता?"

"संगीत?"

"सगळे तिथेच मार खातात. चार ठिकाणांहून मी अर्ध्यात उठून आलेय. एकीकडे धबधबा होता, तिथून तर तीनदा उठावं लागलं. एकीकडे बासरीवाला मधे मधे श्वास घ्यायचा, मला वाटायचं कुणीतरी खोलीत शिरलंय. माझी झोप गेली काही वर्षं नीट नाही, सांगून ठेवते. आवाज जमला नाही तर मी कपडे चढवून निघून जाईन, आणि मग पेशंटचं नाव काढायचं नाही."

तेव्हापासून घरात एकच विषय होता. आवाज.

नवऱ्याने आणलेल्या शांत संगीतात बासरी होती, पक्षी होता, आणि थोड्या थोड्या वेळाने एक घंटा होती. घंटा छताला होती तोवर ठीक होतं. टेबलाखाली स्पीकर गेल्यावर ती थेट दातांत वाजू लागली. तिसऱ्या ठोक्याला तेलाच्या बाटल्या फळीवर एकमेकींना भेटायला निघाल्या आणि तपासणीसाठी टेबलावर पडलेल्या सासूबाई ताडकन उठून बसल्या.

"दाराशी कोण आलंय बघा रे!"

"कोणी नाही आई, संगीत आहे."

"हे संगीत? मग माझ्या बाळाने काय घोडं मारलंय? तोही डबा वाजवतो."

संगीत बाद झालं. नवरा दुसरं शोधू लागला. पण बायको तोवर विचारात पडली होती. शिकलेली बाई, त्यात नवी आई. नवी आई म्हणजे जगातली सगळ्यात बारीक नजर. कुठल्या आवाजाने घरात कोण दचकतं, कोण पेंगतं, हे ती आठ महिने डोळ्यांत तेल घालून बघत आली होती. लोकांना झोप कशाने येते हे अंदाजाने कशाला शोधायचं? खात्रीचा आवाज घरात होताच की.

घरातलं कपड्यांचं मशीन जुनं होतं. त्याचा एक पाय आखूड. त्यामुळे आतला ड्रम फिरताना नुसता घुंऽऽ करायचा नाही, तर घुंऽ-डुक, घुंऽ-डुक असा डुलत फिरायचा. मसाजच्या टॉवेलांना सवय व्हावी म्हणून सासूबाई ते आतापासूनच धुवून मऊ करत होत्या. मशीन सुरू झालं की बाळाला मांडीवर घेऊन त्या शेजारी बसत आणि त्याच तालात नाकातून गुणगुणत, "हूं-हूंऽऽ, हूं-हूंऽऽ." बाळ पाचव्या डुकला डोळे मिटायचं. एकदा नवऱ्याने हौसेने पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून मशीन सरळ केलं होतं. डुक गेला. बाळ अशा काही सुरात रडलं की शेजारच्या काकू सांत्वनाला आल्या. पुठ्ठा काढला, डुक आला, बाळ झोपलं. इतका चोख पुरावा कॉलेजातही तिने पाहिला नव्हता.

"मशीन?" नवरा म्हणाला. "डॉक्टरबाईंना कपडे धुतल्याचा आवाज ऐकवायचा?"

"त्यांना काय माहीत कपडे आहेत ते? आवाज कशाचा ते विचारतंय कोण! झोप येते की नाही ते सांग."

नवरा उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात आत मशीन सुरू झालं, आणि उत्तराच्या जागी त्याने जांभई दिली.

मग मात्र त्याला स्फुरण चढलं. मशीनच्या आवाजाचं रेकॉर्डिंग करायचं, वर आईचं गुणगुणणं घालायचं, सगळं त्याने कागदावर आखलं. सासूबाई आधी "माझा कसला मेला आवाज" म्हणाल्या, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी ठेवणीतली शाल घेऊन, पावडर लावून, केस बांधून मशीनशेजारी हजर झाल्या.

"आई, आवाजात शाल दिसत नाही."

"दिसत नाही, पण ऐकू येते. तुला नाही कळायचं ते."

पहिल्या वेळी त्या खाकरल्या. दुसऱ्या वेळी छान झालं, पण त्यांच्या मते 'अजून भरून आलं नव्हतं'. तिसऱ्या वेळी मधेच शेजारच्या काकूंनी खिडकीतून कोथिंबीर मागितली. मशीन रिकामं फिरवलं तर डुक नीट येत नाही म्हणून दर वेळी तेच टॉवेल पुन्हा धुतले गेले. शेवटी एकदाचं भरून आलं, तोवर टॉवेल इतके स्वच्छ झाले होते की त्यांच्यावरची फुलं निघून गेली होती.

परीक्षा कडक घेण्यात आली. शेजारच्या काकू टेबलावर पडल्या, "मला दिवसा झोप लागत नाही हो," म्हणाल्या आणि वाक्यातल्या 'हो'वरच घोरू लागल्या. नवरा दोनदा परीक्षेला बसला, दोनदा झोपला. सासूबाई स्वतःचाच आवाज ऐकायला पडल्या, "वा!" म्हणाल्या आणि गेल्या. मालकीणबाई, म्हणजे खुद्द बायको, मात्र प्रत्येक वेळी बाहेर होत्या. आवाज रस्त्यावर किती जातो, आतल्या खोलीत किती जातो, बाळ मधेच उठलं तर रडणं इकडे पोचेल का, अशा हजार काळज्या घेऊन बाळाला खांद्यावर टाकून त्या अंगणाच्या पार टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. सगळ्या घराची झोप तपासली गेली. तपासणारणीची तेवढी राहिली.

त्यात नवऱ्याने शेवटचा कळस चढवला. आतल्या खोलीतही एक छोटा स्पीकर! तोच आवाज, त्याच वेळी. इकडे डॉक्टरबाई झोपतील, तिकडे बाळ झोपेल. "एका दगडात दोन पक्षी," तो म्हणाला आणि स्वतःचीच पाठ थोपटायला हात मागे नेला. तो हात पुरला नाही, तेव्हा सासूबाईंनी थोपटली.

डॉक्टरबाई दुपारचा दवाखाना आटोपून आल्या. दारात उभं राहून सबंध अंगाने डावीकडे वळल्या, सबंध अंगाने उजवीकडे वळल्या.

"पाटी कोरी का?"

"तुमच्यासाठी थांबलीय मॅडम."

"हं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या 'हं'ला दवाखान्यात लोक घाबरत.

त्या पालथ्या पडल्या, अंगावर चादर आली, वर टॉवेल आला, घोट्यांखाली उशी आली. तेल कोमट होतं. नवऱ्याने दाराआडून कळ दाबली आणि चवड्यांवर निघून गेला.

टेबलाखालून आवाज आला. घुंऽ-डुक. घुंऽ-डुक. त्यावर सासूबाईंचं भरून आलेलं गुणगुणणं.

डॉक्टरबाईंचा खांदा ताठ झाला. ती श्वास रोखून उभी राहिली. आता उठतात. आता कपडे मागतात. पण तो खांदा वर उचलल्यासारखा झाला आणि जड होऊन खाली गेला. भोकातून जमिनीवर एक लांब सुस्कारा पडला.

जमलं! तिला नाचावंसं वाटलं. त्याऐवजी तिने काम सुरू केलं, आणि असं काम तिने कित्येक महिन्यांत केलं नव्हतं. हात विसरले नव्हते. मानेच्या मुळापाशी, खांद्याच्या हाडाच्या आत ती गाठ होती, जुनी, हट्टी, जागा धरून बसलेली. तिच्यावर एकदम हल्ला करून चालत नाही. ती आजूबाजूची जमीन मोकळी करत गेली, अंगठ्याने कडेकडेने विचारपूस करत गेली, आणि गाठीला एकटं पाडून मग तिच्यावर कोपराने सावकाश भार दिला. गाठ आधी अडली, मग हलली, मग हाताखालून विरघळून गेली. डॉक्टरबाईंच्या तोंडून "आई गं" निघालं, पण ते दुखण्याचं नव्हतं. पाच-दहा मिनिटं ती या जगातली सगळ्यात जागी आणि सगळ्यात अभिमानी बाई होती. नाव पाटीवर केवढं मोठं लिहायचं ते तिने मनात ठरवूनही टाकलं.

घुंऽ-डुक. घुंऽ-डुक.

अवघड काम संपलं होतं, आता हलक्या हाताने पाठ मोकळी करायची होती. ते करायला डोकं लागत नाही. आणि डोकं लागत नाही म्हटल्यावर डोकं निघून गेलं. आठ महिने हा आवाज आला की बाळ झोपत होतं, आणि बाळ झोपलं की आईला तेवढीच काय ती पाठ टेकायला मिळत होती. बाळाची सवय सगळ्यांनी कौतुकाने पाहिली होती. आईच्या अंगालाही तीच सवय जडली होती, ती कुणी पाहिली नव्हती. तिने स्वतःही नाही.

हात पाठीवर होते. हात आपोआप थोपटू लागले. घुंऽ-डुक, थप. घुंऽ-डुक, थप. हे आपण शिकलो नव्हतो, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. मग 'हे बरोबरच आहे' असंही येऊन गेलं. त्यानंतर काहीच आलं नाही.

आला तो एकदम कर्कश आवाज. टूंऽ! टूंऽ! टूंऽ!

कपडे धुवून झाले की मशीन तसं ओरडायचं. रेकॉर्डिंगचं शेपूट कापायचं नवऱ्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. गेले आठ महिने त्या ओरडण्यावर ती धावत सुटत होती, कारण बाळ उठायच्या आत कपडे दोरीवर गेले पाहिजेत. आताही ती स्टुलावरून उडाली. समोर टॉवेल दिसला. तो तिने खेचला, दोन्ही टोकं धरून फटाककन झटकला आणि चिमटे शोधायला वळली.

चिमटे नव्हते. फळीवर तेलाच्या बाटल्या होत्या.

ती जागी झाली. गालावर टेबलाच्या कडेचा वळ होता. दोरा तुटावा तशी झोप तुटली होती, आणि आतल्या खोलीत त्याच टूंऽटूंऽने उठलेलं बाळ रडू लागलं होतं. पण हे काहीच नव्हतं. खरा घोळ तिच्या समोर होता.

टेबलावर डॉक्टरबाई बाळासारख्या गुंडाळलेल्या होत्या. चादरीचं एक टोक खांद्यावरून घट्ट ओढून कुशीखाली खोचलेलं, दुसरं टोक उलट्या बाजूने आणून पोटाखाली दाबलेलं, पायांकडची बाजू दुमडून वर. हात आत. एक सुरकुती नाही. बाळाचं दुपटंसुद्धा तिने इतकं सुबक कधी बांधलं नव्हतं.

"माझे हात कुठेयत?" टेबलाखालून प्रश्न आला.

"आतच आहेत मॅडम! आहेत, आहेत, दोन्ही आहेत!" ती चादरीशी झटापट करू लागली. खोच अशी घट्ट बसली होती की सुटेना. तेवढ्यात बाळाला घेऊन सासूबाई दारात आल्या, त्यांचेही डोळे सुजलेले, शाल एका खांद्यावर. मागून झोपाळू नवरा. अख्ख्या घरात एकजण जागा नव्हता, हे त्या तिघांच्या केसांवरून कळत होतं.

"अरे देवा," नवरा म्हणाला. "हे कुणी गुंडाळलं?"

"गप!" ती ओठांनी म्हणाली.

चादर सुटली. डॉक्टरबाई अंगाभोवती ती लपेटून सावकाश उठून बसल्या. चेहऱ्याभोवती लाल गोल. बाळ रडायचं थांबलं आणि त्या लाल गोलाकडे टकमक बघत राहिलं.

पाटी कोरीच राहणार, तिला कळून चुकलं. अडगळ परत आत आणायची. एकच बूट कुठे ठेवला होता तोही शोधायचा.

"मॅडम, माझं चुकलं. मी... मला झोप लागली. रात्री बाळ उठतं, त्याचे दात येतायत. पण हे कारण नाही, मला माहितेय."

"झोप लागली होती?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "कधीपासून?"

"गाठ सुटल्यावर. त्यापुढचं मला खरंच..."

"म्हणजे ते सगळं तुम्ही झोपेत केलंत?"

"सगळं म्हणजे... काय काय केलं?"

डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला, लावला, आणि दवाखान्यात रिपोर्ट वाचतात तशा कोरड्या आवाजात सांगायला सुरुवात केली. "आधी तुम्ही मला थोपटलंत. मला वाटलं, नवी पद्धत असेल. मग पाठीवर खालून वर, खालून वर असं चोळलंत. मला ढेकर आला."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या.

"मोठा आला. मला शरम वाटली. मी माफी मागणार तोवर तुम्ही म्हणालात, 'शाब्बास!'"

नवऱ्याने तोंड दाराकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"मग एकेक पाय गुडघ्यात दुमडून सायकल चालवल्यासारखा फिरवलात. मग गुंडाळलंत. मी म्हटलं, 'अहो हे काय?' तर तुम्ही म्हणालात, 'झालं हं झालं, शहाणं माझं ते.' डोक्यावरून हात फिरवलात. पाठीवर हात ठेवलात आणि बसलात. पुढचं मलाही माहीत नाही." त्या थांबल्या. "आता तो भोंगा वाजेपर्यंतचं काहीच माहीत नाही मला. किती वर्षांनी अशी झोप लागली, देव जाणे."

डॉक्टरबाईंनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं. मग त्यांच्याच लक्षात आलं की हे सगळं नुसत्या मानेने झालं. धड जागच्या जागी होतं.

"वळतेय," त्या हळूच म्हणाल्या. पुन्हा एकदा वळवून पाहिली. "बाई, ती गाठ तुम्ही शिकून सोडवलीत. ते मला कळलं, मी हाडांची डॉक्टर आहे. एवढं चोख काम या गावात मी पाहिलेलं नाही. पण एक सांगू? ढेकर दिला म्हणून शाब्बास, हे मला कुणी शेवटचं म्हटलं असेल तेव्हा मला दात नव्हते. त्यानंतर मी पहिली आले, डॉक्टर झाले, इतक्या लोकांना चालतं केलं. शाब्बास नाही कुणी म्हटलं."

सासूबाईंनी शालीचा पदर डोळ्यांना लावला. मग वेळ साधून म्हणाल्या, "आवाज माझा होता."

"कुठला?"

"गुणगुणण्याचा. भरून यायला वेळ लागला थोडा."

"सुंदर. आणि खालचं वाद्य कोणतं ते? मी कधी ऐकलं नाही."

नवरा छाती काढून पुढे झाला, पण त्याने तोंड उघडायच्या आत बायकोने त्याच्या पायावर पाय दिला. "घरचंच आहे मॅडम," ती म्हणाली. "जुनं आहे."

"जुन्या वाद्यांची सर नाही हो येत." डॉक्टरबाई पायांत चपला सरकवत उठल्या. "पेशंट पाठवते. पण गुंडाळणं आणि शाब्बास, दोन्ही हवं. जागेपणी जमेल ना?"

"जमवते."

"नाव काय सांगू त्यांना?"

आठ महिन्यांनी कुणीतरी तिला नाव विचारत होतं. तिने घसा साफ केला, मान ताठ केली, एकवार कोऱ्या पाटीकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

"अगं बाळाची आई," सासूबाई म्हणाल्या, "याला धर बाई, भूक लागलीय त्याला, शाल चावतोय."

"बाळाची आई," डॉक्टरबाईंनी मनाशी म्हणून पाहिलं, जिभेवर घोळवून पाहिलं. "वा! छान आहे. पेशंटच्या लक्षात राहील." आणि वळत्या मानेने मागे बघून हात हलवत त्या निघून गेल्या.

दोन दिवसांत दाराशी लोक आले. आखडलेले, वाकलेले, कण्हणारे. प्रत्येकजण आधी कोऱ्या पाटीकडे बघे आणि मग विचारी, "बाळाची आई इथेच ना? डॉक्टरबाईंनी पाठवलंय." एक भारदस्त गृहस्थ बायकोला घेऊन आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तो शेवटचा भाग पुरुषांसाठीही असतो का?" तिच्या नवऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं की नाही, सध्या फक्त बायकांसाठी, आणि ते गृहस्थ फार वेळ पायरीवर उदास बसून राहिले.

नवऱ्याने रेकॉर्डिंगचं शेपूट कापलं. तिने कानात कापसाचे बोळे घालायला सुरुवात केली. डुक तिला टेबलाला टेकलेल्या मांडीतून कळायचा, पण झोप कानावाटेच यायची, त्यामुळे काम भागलं. गाठी ती शिकल्याप्रमाणे सोडवायची, आणि शेवटी पूर्ण जागी राहून, मनापासून शाब्बास म्हणायची. बायका टेबलावरून उतरताना अशा ऐटीत उतरत, जणू काही परीक्षेत नंबर आलाय.

पाटी रंगवणाऱ्याने शेवटी निरोप पाठवला, वर नाव काय घालायचं ते एकदाचं सांगा, डब्यातला रंग वाळत चाललाय. ती बराच वेळ रस्त्यापलीकडे उभी राहून त्या कोऱ्या जागेकडे बघत होती. तिचं नाव तिथे मावलं असतं. छान दिसलंही असतं. पण ते नाव विचारत या दारात कुणीच आलं नसतं, आणि ज्या नावाने लोक येत होते ते तिने स्वतःच्या हातांनी कमावलं होतं. झोपेत का होईना.

"बाळाची आई," तिने सांगितलं. "ठळक. आणि खाली 'मसाज थेरपी' आहे तसंच राहू दे."

त्या संध्याकाळी पाटी लागली. नवरा, सासूबाई आणि शेजारच्या काकू रस्त्यापलीकडे जाऊन ती वाचून आले, आणि काकू तर दोनदा. ती आत बाळाला पाजून खांद्यावर घेऊन बसली होती. दिवसभर पाच पाठी झाल्या होत्या. हात आपोआप खालून वर, खालून वर फिरत होते. बाळाने एक खणखणीत ढेकर दिला आणि मोठ्या आशेने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

तिने त्याच्या पाठीवर अलगद हात ठेवला.

"झालं हं मॅडम," ती म्हणाली. "आता सावकाश कुशीवर वळून उठा. घाई नाही. पाणी आणू?"